दाराखालून आलेली चिंधी

धाकटीला थोरल्या बहिणीच्या घरी आणलं, त्याला अकरा आठवडे झाले होते. आणलं म्हणजे हॉस्पिटलातून थेट, तिच्या स्वतःच्या भाड्याच्या खोलीवर दोन कपडे घ्यायलाही न थांबता. "एकटी राहिलीस तर वेडी होशील," थोरली म्हणाली होती. त्यात माया किती आणि धमकी किती, हे विचारायची तेव्हा धाकटीत ताकद नव्हती.

दोघींमध्ये नऊ वर्षांचं अंतर. आई गेली तेव्हा धाकटी बारा वर्षांची. तिच्या वेण्या घातल्या त्या थोरलीनं, पहिल्यांदा पोटात दुखलं तेव्हा जवळ बसली ती थोरली, आणि मुस्काटात मारली तीही थोरलीनंच. त्यामुळे ताईपुढे ब्र काढायचा नाही हे धाकटीच्या अंगात मुरलेलं होतं. नोकरीसुद्धा ताईच्या नवऱ्यानं, म्हणजे भावजींनी लावून दिलेली. शहराबाहेरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ते सुपरवायझर होते आणि धाकटी तिथे स्टॉकची नोंद ठेवायची. गोठवलेल्या भाज्यांचे खोके मोजायचे, लेबलावरच्या तारखा बघायच्या, कागदावर टिपायचं. आकडा एकदा कानावर पडला की तिच्या डोक्यातून जात नसे. लोक गमतीनं तिला मोजपट्टी म्हणायचे.

आता ती काहीच मोजत नव्हती. सकाळी एक गोळी, दुपारी एक, संध्याकाळी दोन. दिवस कुठला ते ताई सांगेल तो.

तिची या घराकडे एकच मागणी होती. आपल्या खोलीचं दार उघडं असावं. तेवढंही मिळत नव्हतं.

"दार सताड टाकून झोपायला ही धर्मशाळा आहे का?" थोरली म्हणायची आणि जाता जाता दार ओढून घ्यायची. धाकटी उठून उघडायची. थोरली पुन्हा ओढायची. दिवसातून आठ-दहा वेळा हे चालायचं. दुसरं भांडण उशीचं. उशीवर डोकं टेकलं की धाकटीला मळमळायचं. ती उशी पालथी करायची, पायाशी टाकायची, शेवटी जमिनीवर ढकलून द्यायची.

"आता उशीनं काय घोडं मारलंय तुझं?"

"माहीत नाही ताई. वास येतो."

"कालच धुतलाय अभ्रा. वास तुझ्या डोक्यात आहे."

तिच्या डोक्यात बरंच काही आहे, असं घरात रोज कुणी ना कुणी म्हणायचं. जे घडलं होतं ते तिला नीट आठवत नव्हतं हेही खरं होतं. आठवायचा तो फक्त पांढराफटक उजेड, नाकातून शिरणारी थंडी आणि स्वतःचा मोजणारा आवाज. बाकीचं तिला भावजींनी सांगितलं होतं, इतक्या वेळा की आता ते आठवणीसारखंच वाटायचं.

भावजींनी सांगितलेलं असं. शनिवार, अर्धी पाळी. महिन्याची मोजदाद करायला धाकटी आणि पॅकिंगमधल्या मावशी तीन नंबरच्या खोलीत गेल्या. ती खोली महिन्यातून एकदाच उघडायची. आत उणे वीस. नियमाप्रमाणे धाकटीनं आत गेल्यावर दार ओढून घेतलं, कारण दार उघडं राहिलं की बर्फ धरतो. अशा खोल्यांना आतून ढकलायचा एक मोठा नॉब असतो. तो दाबला की बाहेरची कडी सुटते. "नॉब ठणठणीत होता," भावजी म्हणायचे. "इन्स्पेक्टरनं येऊन दाबून बघितला. तू घाबरलीस. तुझं डोकं फिरलं आणि तू त्या म्हातारीलाही दारापाशी जाऊ दिलं नाहीस. पावणेसहा तास. सव्वासातला कॉम्प्रेसरचं रीडिंग घ्यायला मेकॅनिक आला म्हणून तू तरी वाचलीस."

मावशी वाचल्या नाहीत.

"मी कुणाला बोललो नाही अजून," भावजी पुढे म्हणायचे. "घरचं माणूस आहेस. पण चौकशी लागलीय. मला किती दिवस झाकता येईल?"

असं बोलताना ते आवाज चढवत नसत. जेवणाच्या टेबलावर समोर बसून, बोटानं पाण्याच्या ग्लासाची कड पुसत बोलायचे. मग थोरली म्हणायची, "जेव आता. नुसती ताटाकडे बघत बसू नकोस." धाकटी जेवायची. माणूस मारलेल्या बाईला भूक लागते, याचीच तिला लाज वाटायची.

फोन भावजींच्या ताब्यात होता. डॉक्टरांनी स्क्रीन बघू नको म्हणून सांगितलंय म्हणे. कोल्ड स्टोरेजमधलं कुणी भेटायला आलं नाही. "कोण येणार?" थोरली म्हणाली. "तोंड बघायची इच्छा नाही कुणाची." एकदा मात्र जिन्यात कुणी बाई मोठमोठ्यानं बोलताना धाकटीनं ऐकली होती. दाराच्या कडीचा आवाज, ताईचा चढलेला स्वर, मग दार आपटलं. ताई आत आली ती लालबुंद होऊन.

"मावशींची मुलगी. तुझ्या जिवावर उठलीय. माझ्या आईला खाल्लं म्हणाली. मी हाकलली तिला."

त्या दिवसापासून थोरली बाहेर जाताना फ्लॅटला बाहेरून कुलूप लावू लागली. "तुझ्याच भल्यासाठी," म्हणाली.

अकराव्या आठवड्यात, मंगळवारी, भावजींनी दोन टाइप केलेले कागद आणले. चौकशी गुरुवारी होती. धाकटीनं प्रत्यक्ष जायचं नव्हतं. तब्येत बरी नसल्याचं डॉक्टरांचं पत्र होतं, त्याला हा जबाब जोडला की झालं. "मी दार ओढले. आतील नॉब चालू स्थितीत होता. घाबरल्यामुळे मला तो वापरता आला नाही व सहकारी महिलेस मी अडवले." खाली सहीसाठी रेघ.

"वाच नीट. मग सही कर."

"भावजी, मला हे असं आठवत नाही."

"मग कसं आठवतं?"

हेच तर रोजचं होतं. तिला दुसरं काहीच आठवत नव्हतं.

"उद्या संध्याकाळपर्यंत विचार कर," ते म्हणाले आणि पेन कागदावर ठेवून उठले. "सही केलीस तर अपघात. नाही केलीस तर मग तुला तिथे उभं करतील आणि ती मावशींची मुलगी, ती बस कंडक्टर, सगळ्यांसमोर तुझ्या अंगावर येईल. बघ, काय झेपतंय."

बुधवारी सकाळी धाकटीनं पेन हातात घेतलं. सही करून टाकावी, निदान हे रोजचं बोलणं थांबेल, असं तिला मनापासून वाटत होतं. नेमकं पेन चालेना. टोक सुकलं होतं. थोरली वैतागली. "साधं पेन सांभाळता येत नाही या घरात! आणते खालून, गोळ्याही संपल्यात. दाराशी कुणी आलं तर हूं की चूं करायचं नाही." कुलपाचा आवाज झाला, चपला जिना उतरून गेल्या.

पाच मिनिटांत दार वाजलं. हातानं नाही, कसल्यातरी धातूच्या वस्तूनं. टक टक टक.

"आत आहेस ना?" बाहेरचा आवाज भरलेल्या बसमध्ये मागच्या सीटपर्यंत पोचेल असा होता. "मी कंडक्टर. मावशींची मुलगी. तुझी बहीण कोपऱ्यावर वळताना बघितली मी. तीन दिवस समोर उभी राहून बघतेय, ती कधी बाहेर पडते ते."

धाकटी भिंतीला चिकटली.

"अगं बोल ना! मी भांडायला नाही आले. पहिल्यांदा आले तेव्हाही नव्हते आले. तुझ्या बहिणीनं मला जिन्यात ढकललं. म्हणाली, ती तुझं तोंड बघणार नाही."

"तुम्ही म्हणालात... मी तुमच्या आईला खाल्लं," धाकटी पुटपुटली.

"काय? मोठ्यानं बोल."

तिनं पुन्हा सांगितलं.

"मी असं म्हटलेलं नाही," कंडक्टर म्हणाली. आवाज खाली आला होता. "मी विचारायला आले होते, शेवटी आईजवळ कोण होतं. दुसरं कुणाला विचारू? तिथे तुम्ही दोघीच होतात." मग जरा थांबून, "तुला बाहेरून कुलूप लावून जातात?"

"हो. माझ्यासाठीच."

"तुझ्यासाठी," कंडक्टर म्हणाली. "बरं."

तो 'बरं' धाकटीच्या कानात खुपला. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा बाहेरच्या कुणीतरी ते कुलूप बघितलं होतं.

"ऐक, वेळ नाही. हॉस्पिटलनं आईच्या अंगावरच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या. कानातलं, चष्मा, ॲप्रन. आणि तिच्या उजव्या हाताला एक चिंधी गुंडाळलेली होती. हाताची सालं निघाली होती म्हणून असेल. ती चिंधी आमच्या घरातली नाही. तू बांधलीस का? एवढंच सांग. कुणीतरी तिच्या हाताला पट्टी बांधली एवढं कळलं तरी मला झोप लागेल."

दाराच्या खालच्या फटीतून कापडाचं एक टोक आत आलं. मग वीतभर पट्टी. फिकट निळ्यावर तपकिरी पिसं. एका बाजूला काळं, चिकट वंगण लागलेलं.

धाकटीनं ती उचलली आणि नाकाशी नेली. वंगण, गंज आणि थंडी यांचा तो वास होता. उशीवर येणारा, तिच्या डोक्यात आहे म्हणून सांगितलेला.

सगळं एकदम नाही आलं. आधी फक्त दार आलं. दारावर, कमरेच्या उंचीला, जिथे तळव्याएवढा लाल नॉब असायला हवा तिथे एक भोक. भोकात कोंबलेला कापडाचा बोळा. मावशी बोटांनी तो उकरतायत आणि शिव्या देतायत, "कुण्या हरामखोरानं भोकात चिंध्या भरल्यात गं!" बोळा निघाला, आत बोट घातलं, खिळ्यानं खुपसून बघितलं, पेनानं बघितलं. कडी सोडवणारा दांडाच नव्हता. मावशींचं बोट पत्र्याला कापलं. मग धाकटीनंच तो बोळा उलगडून त्यांच्या हाताला गुंडाळला होता.

"मीच बांधली," ती दाराला तोंड लावून म्हणाली. "पण ती चिंधी नॉबच्या भोकात होती. नॉब नव्हताच. ऐकताय का? नॉब नव्हता!"

"चौकशीवाले म्हणतात होता."

"नंतर बसवलाय."

बाहेर कंडक्टरनं श्वास घेतलेला ऐकू आला. "उद्या अकरा वाजता सांगशील हे?"

"मला नेऊ देणार नाहीत."

"माझा नंबर ऐक. लिहून घे."

"लिहायला पेन नाहीये. सांगा, राहील लक्षात."

कंडक्टरनं दहा आकडे सांगितले. धाकटीनं ते परत म्हणून दाखवले, उलटेही. अकरा आठवड्यांत डोक्यात नीट बसलेली ही पहिली गोष्ट.

जिन्यात चाहूल लागली तशी कंडक्टर वरच्या मजल्याकडे निघून गेली. धाकटी आपल्या खोलीत पळाली. उशीचा अभ्रा ओढून काढला आणि चिंधी त्यावर ठेवली. तेच पीस, तोच निळा, धुऊन धुऊन विटलेला तोच रंग. ताईची जुनी चादर. धाकटीला आठवली ती लग्नात आलेली जोडी. एक फाटली तेव्हा ताईनं त्यातून उशीचे अभ्रे शिवले होते. उरलेल्याची फडकी केली होती, भावजी कामावर न्यायचे, हात पुसायला.

थोरली नवं पेन घेऊन दारात उभी राहिली. उघडी उशी बघितली, अभ्रा बघितला, अभ्र्यावरची चिंधी बघितली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं नाही. धाकटीनं नेमकं तेच हेरलं.

"तुला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

"काय माहीत होतं? गोळी घेतलीस का?"

"नॉब तुटला होता. भावजींनी भोकात तुझी फडकी कोंबली, गार हवा जायला नको म्हणून. आणि कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं नाही, ताई! मला त्यांनीच आत पाठवलं!"

"विसरले ते!" थोरली ओरडली, आणि ओरडल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. मग ती थांबलीच नाही. "विसरले. माणूस विसरतं. तीन नंबर कोण उघडतं रोज? नवीन नॉब मागवला होता. येईपर्यंत चार दिवस बोळा घातला. मुद्दाम केलं का त्यांनी? त्या रात्री घरी येऊन भिंतीवर डोकं आपटलं त्यांनी, तू बघितलंस? तू आयसीयूत होतीस, तुझं काय. तुला बरं करायचं, त्यांना सांभाळायचं, सगळं मीच! त्यांना जेल झाली तर मी कुठे जाऊ? सांग ना. तुझ्या त्या खोलीत, तुझ्या गादीवर?"

"म्हणून मी मारलं म्हणून सांगितलंत?"

"तुला काय झालं असतं? तुझ्यावर कुणी केस घालणार नव्हतं. घाबरट बाई, डोकं फिरलं, दोन दिवस लोक बोलले असते. तुला ना नवरा ना पोर. तुझं काय जाणार होतं?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो हे धाकटीला त्या घरानं शिकवलं होतं, पण मारणारा हात याच बाईचा आहे, ज्या हातानं वेण्या घातल्या, हे डोळ्यांसमोर असूनही तिला दिसलं नव्हतं.

"मी उद्या जाणार," ती म्हणाली.

थोरली मागे सरली, खोलीचं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. मग तिचा फोनवरचा आवाज आला, "लवकर या. हिला सगळं आठवलंय."

दार बंद होताच धाकटीची बोटं गार पडली, कानात कॉम्प्रेसरची घरघर सुरू झाली. खोलीत ऊन होतं. ऊन दिसत होतं आणि दात वाजत होते. ओरडावं असं तिला वाटलंच नाही. त्या शनिवारी पहिला तासभर दोघी घसा फाटेपर्यंत ओरडल्या होत्या. जाड दार. ओरडण्यावरचा तिचा विश्वास तिथेच संपला होता.

तिनं मोजायला घेतलं. फरशा. पलंगाच्या पट्ट्या. दाराच्या बिजागऱ्या, तीन.

बिजागऱ्या. दार आत उघडणारं, म्हणजे बिजागऱ्या तिच्या बाजूला. प्रत्येकीत वरून घातलेली एक खीळ, रंगानं माखलेली. थंड खोलीच्या बिजागऱ्या बाहेर होत्या. इथे नव्हत्या. हा फरक ध्यानात आल्यावर तिला कधी नव्हे तो राग आला. भीतीच्या खालून वर येणारा, पाय गरम करणारा राग.

कपाटात जुनी इस्त्री होती. टेबलावर औषधाचा चमचा. चमच्याचा दांडा खिळीच्या डोक्याखाली घातला आणि इस्त्रीनं खालून ठोकलं. पहिल्या घावाला नुसता रंग उडाला.

"काय करतेयस?" बाहेरून थोरली.

ठण.

"हे बघ, दार तोडू नकोस. येतायत ते. शांतपणे बोलू आपण."

ठण. वरची खीळ अर्धा इंच आली.

"लहानपणापासून तू अशीच. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी. आई गेल्यावर तुला अनाथाश्रमात ठेव म्हणाले होते सगळे, माहितेय? मी ठेवली नाही. मी लग्न तीन वर्षं लांबवलं तुझ्यासाठी!"

हे खरं होतं. ठोकताना धाकटी रडत होती ते त्यामुळे. पण तिनं ठोकणं थांबवलं नाही. दुसरी खीळ सहज निघाली. तिसरी गंजलेली होती. चमचा वाकला, अंगठ्याचं नख फुटलं, शेवटी तीही सुटली. तिनं बिजागरीच्या बाजूनं दार खेचलं. ते कडीवर लटकत, करकरत तिरपं उघडलं.

थोरली समोरच उभी. तिनं एका झेपेत धाकटीच्या काखेतला अभ्रा धरला. दोघी ओढत राहिल्या, न बोलता, पाण्याच्या नळावर भांडणाऱ्या बायकांसारख्या. कापड टर्रकन फाटलं. अर्धा थोरलीच्या हातात, अर्धा धाकटीच्या. धाकटी अर्ध्यानिशी, फ्लॅटच्या दाराची आतली कडी काढून, जिन्याकडे पळाली. चिंधी तिनं आधीच गळ्याखाली कपड्यात खोचली होती.

अकरा आठवडे न चाललेले पाय. तीन मजले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भावजी धापा टाकत वर येताना समोर आले.

"कुठे?" त्यांनी विचारलं. नेहमीसारखंच, हळू.

ती बाजूनं खाली सरकू लागली.

"अनवाणी? लोक काय म्हणतील? चल वर." त्यांनी तिचं कोपर धरलं. पकड अशी की बघणाऱ्याला आधार वाटावा. "तुला काय वाटतं, तुझ्यावर विश्वास ठेवतील? चार प्रकारच्या गोळ्या चालू आहेत तुला. डॉक्टरांचं पत्र आहे माझ्या खिशात."

तिनं एकदम अंग सैल सोडलं. सगळा भार त्यांच्या हातावर आला, तोल सावरायला त्यांनी कठडा धरला, आणि कोपर सुटलं. ती उरलेल्या पायऱ्या कशा उतरली ते तिला नंतर सांगता आलं नाही. रस्त्यावर गेली असती तर त्यांनी गाठलं असतं. तळमजल्यावर दातांचा दवाखाना होता. ती आत शिरली आणि वाट बघणाऱ्या पेशंटांमध्ये, दोन माणसांच्या मधल्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

काउंटरवरच्या मुलीनं मान वर केली. "अपॉइंटमेंट आहे?"

"नाही."

"दुखतंय का?"

"हो."

मुलीनं तिच्या रक्ताळलेल्या अंगठ्याकडे, अनवाणी पायांकडे बघितलं. तेवढ्यात भावजी आले, चेहऱ्यावर हसू चिकटवून. "सॉरी हं. आमच्या मेहुणीची तब्येत जरा बरी नसते. चल गं, ताई वाट बघतेय."

"मी जाणार नाही," धाकटी म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "हे मला घरात कोंडून ठेवतात. मला फोन करायचाय."

"तिला असे भास होतात," भावजी सगळ्यांना म्हणाले आणि पुढे झाले.

शेजारी गाल सुजलेला एक म्हातारा रुमाल दाबून बसला होता. त्यानं पाय पुढे पसरला, भावजींच्या वाटेत. "त्या नाही म्हणतायत," तो सुजलेल्या तोंडानं बोबडं बोलला. "मला भास होत नाहीत. मलाही ऐकू आलं, त्या नाही म्हणाल्या."

कुणी हसलं नाही. काउंटरवरच्या मुलीनं फोनचा रिसीव्हर धाकटीपुढे धरला. धाकटीनं दहा आकडे फिरवले. भावजी अर्धा मिनिट उभे राहिले, मग जणू काही आठवल्यासारखं मनगटावरच्या घड्याळाकडे बघून बाहेर पडले.

ती रात्र धाकटीनं कंडक्टरच्या घरी, उघड्या दारात गादी टाकून काढली. गुरुवारी अकरा वाजता ती चौकशीच्या खोलीत बसली. अधिकारी पोक्त बाई होत्या. प्रश्न मोजके आणि शांत. धाकटीनं चिंधी, अर्धा अभ्रा आणि तो भोकाचा सगळा प्रकार सांगितला. ती बोलली म्हणून कोल्ड स्टोरेजच्या स्टोअरकीपरलाही कंठ फुटला. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, सुपरवायझरनं त्याला घरून बोलावून स्टोअरमध्ये येऊन पडलेला नवा नॉब काढून नेला होता.

"नंतर आत काय झालं?" अधिकारी बाईंनी विचारलं.

मागच्या बाकावर कंडक्टर बसलेली होती. धाकटीला ठाऊक होतं की इथे थांबलं तरी चालेल. सुपरवायझरचं व्हायचं ते झालं होतं. पण लोकांनी रचलेली गोष्ट इतके दिवस डोक्यात वागवल्यावर आता स्वतःची एक रचायची, हे तिला नको होतं.

"मावशींनी मला चालायला लावलं," ती म्हणाली. "थांबायचं नाही म्हणाल्या, खोके मोजत चालायचं. आम्ही दोघी चाललो. मग त्यांना दम लागला. त्या रॅकला टेकून बसल्या. म्हणाल्या, जरा बस माझ्याजवळ. मी बसले नाही. बसले तर उठणार नाही असं वाटलं. मी त्यांच्यासमोरून चालत राहिले. त्यांनी दोनदा हात पुढे केला. नंतर केला नाही. मी तरी चालतच होते. एकशे बारा फेऱ्या, त्यांच्या समोरून."

मागे बाक सरकलं. कंडक्टर उठली आणि कुणाकडे न बघता बाहेर गेली. धाकटी तिच्या मागे गेली नाही.

भावजींना अटक झाली, जामीनही झाला. केस उभी आहे. मालक म्हणतो, त्याच्या कानावर काहीच नव्हतं. धाकटीनं पुन्हा वेगळी खोली घेतली, बियाणं आणि रोपं विकणाऱ्या एका माणसाच्या मोकळ्या आवारात काम धरलं. झोप तुटक लागते. पाचव्या महिन्यात एके दुपारी कंडक्टर तिथे आली, युनिफॉर्ममध्येच. रोपांच्या रांगेतून दोन चकरा मारल्या. "एक कुंडी दे," म्हणाली, "कुठलीही, मरणार नाही अशी." आणि घेऊन गेली. बोलणं तेवढंच झालं. माफ केलं का, हे धाकटीनं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

थोरली भेटत नाही. नातेवाइकांत सांगते की सख्ख्या बहिणीनं घर बुडवलं. पण आठवड्यातून एकदा, दुपारच्या सुट्टीत, धाकटीचा फोन वाजतो. पलीकडे कुणी बोलत नाही. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, कधी नळाचं पाणी. धाकटीही काही बोलत नाही. शिवी तोंडाशी येते, ताई ही हाकही येते, दोन्ही ती गिळते आणि फोन कानाला लावून रोपांना पाणी घालत राहते. पलीकडून बंद होईपर्यंत.